खोडलेली सही

मामांच्या अर्जावर मी सही केली तेव्हा माझ्या एका हातात श्रीखंडाची वाटी होती. ही सबब नाही, झालं तसं सांगते आहे.

मामा माझे कोणी लागत नाहीत. इथल्या मराठी मंडळातले निवृत्त गृहस्थ, सगळेच त्यांना मामा म्हणतात. दसऱ्याला लंडनमधल्या पिनरच्या हॉलमध्ये, जेवणाच्या रांगेतून माणूस पळू शकत नाही हे हेरून ते खासदाराला द्यायचा अर्ज फिरवत होते. परदेशी किंवा धार्मिक कायदा इथल्या कुठल्याही कोर्टात, कुठल्याही कारणाने मानू नये असा कायदा करा, ही मागणी. ‘ते लोक’ आपसात बसून बायकांचे निकाल लावतात, असं ते रांगेला समजावत होते. कुठे तसं होत असेल तर वाईटच. पण मामांना त्या बायकांचा कळवळा नव्हता, ‘त्या लोकां’चा राग होता. हे मला तेव्हाही दिसत होतं. तरी रांग पुढे सरकावी म्हणून मी सही केली.

महिन्याभराने त्यांची भाचेसून माझ्या दारात आली. नागपूरची मुलगी, पदरात सात वर्षांची लेक. नवरा नोकरीसाठी लीड्सला गेला आणि तिथे दुसऱ्या लग्नाच्या तयारीला लागला. मी वॉटफर्डला एका सॉलिसिटरच्या ऑफिसात रिसेप्शनवर असते, म्हणून ती स्टॅम्पपेपर घेऊन माझ्याकडे आली. रूढीप्रमाणे फारकत झाली, असं त्यावर लिहून नवऱ्याच्या गावच्या पाच जणांनी सह्या केल्या होत्या. हिला कोणी विचारलंही नव्हतं. पाचवी सही मामांची. मधल्या काळात ते गावी जाऊन आले होते.

मामांनी तिला सांगितलं होतं, आता तू बायको नाहीस, घर भाच्याच्या नावावर आहे, महिनाअखेर नागपूरला जा.

“काकू, खरंच जावं लागेल? हिची शाळा आत्ता कुठे मार्गी लागलीय.”

मी तिला आमच्या सॉलिसिटरबाईंकडे नेलं. बाईंना फार वेळ लागला नाही. लग्न नागपुरात नोंदलेलं, तिथल्या कायद्याने पक्कं, म्हणून इथेही पक्कं. फारकतीचा कागद मात्र कुठल्या कोर्टाचा नाही आणि दोघं कित्येक वर्षं इथेच राहतात, तेव्हा इथे त्याला किंमत नाही. ती कायद्याने बायकोच आहे आणि नवरा तिला असं घराबाहेर काढू शकत नाही. घटस्फोट हवा तर त्याने कोर्टात जावं. साड्यांच्या घडीखाली घालायला कागद बरा आहे, असं मी तिला परतताना म्हटलं. ती पहिल्यांदा हसली.

ट्रेनमध्ये मला मामांचा अर्ज आठवला. कुठलंही कोर्ट, कुठलंही कारण. हिचं लग्न इथे टिकलं ते इथलं कोर्ट भारतातला कायदा मानतं म्हणून. मामांच्या मनासारखा कायदा झाला तर मामांच्या कागदासोबत हिचं लग्नही जाईल. आणि त्या अर्जाखाली माझी सही. बॉयलरची वॉरंटी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.

शनिवारी मी मामांच्या घरी गेले. मी कशाला आले ते त्यांनी परस्परच ठरवलं. घरातलं भांडण घरात मिटावं, गोऱ्यांच्या कोर्टात आपली धुणी कशाला, आपल्यात रूढी आहे, असं बरंच बोलले. मी विचारलं, मग अर्ज कशासाठी?

“अहो, तो त्यांच्यासाठी आहे.”

“तसं त्यात लिहिलेलं नाही, मामा.”

“ते समजून घ्यायचं असतं.”

भाचेसून कुठेही जाणार नाही आणि सोमवारी भाच्याला सॉलिसिटरचं पत्र जाईल, हे मी त्यांना समजावून सांगितलं. मग अर्जाचे कागद मागितले. खासदाराकडे ते अजून गेलेच नव्हते, टीव्हीखालच्या कप्प्यात पडले होते. मी माझं नाव शोधलं आणि पेन काढलं.

“खाडाखोड केली की कागद वाईट दिसतो हो,” मामा म्हणाले. भाचेसुनेबद्दल बोलताना त्यांचा आवाज इतका हळवा झाला नव्हता.

मी दोन रेघा मारल्या. आडव्या, जाड.