सतराव्या रेणूचा गुलाबी रंग

प्रयोगशाळेत तिला सगळे चुळबुळ म्हणत, आणि ठेवलेलं नाव काही खोटं नव्हतं. बाई सलग दहा मिनिटं एका जागी बसली, तर शेजारची माणसं तब्येतीची चौकशी करायची.

तिचं काम जोडणीचं. सांधेदुखीच्या गोळ्या दुखणं थांबवतात, पण पोटाच्या अस्तराची वाट लावतात. आपलं शरीर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू चिमूटभर तयार करतं. तो रक्तवाहिन्या सैल करतो, अस्तराला रक्त पुरवतो. तेव्हा औषधाच्या रेणूलाच हा वायू हळूहळू सोडणारा तुकडा जोडायचा, असा बेत होता. जोड घट्ट झाला तर वायू सुटतच नाही. सैल झाला तर सगळा एकदम सुटतो आणि माणूस चक्कर येऊन पडतो. असे सोळा रेणू वाया गेले होते. सतरावा मात्र रंगला. रेणू यकृताच्या अर्कात ठेवायचा, अर्क गाळायचा, त्यात तपासणीचं द्रावण टाकायचं. वायू सुटला असेल तर गुलाबी. सतरा नंबर छान गुलाबी झाला. प्रकल्प चालवणाऱ्या सरांनी पैसे पुरवणाऱ्या औषध कंपनीच्या वरिष्ठांना शुक्रवारी बोलावून टाकलं. सतरा पास झाला तर पुढच्या चाचण्या, नाहीतर प्रकल्पाला टाळं.

घरी बाबा होते. जन्मभर कारखान्यात लेथ मशीनवर उभे राहिले आणि म्हातारपणी गुडघ्यांनी डाव साधला. गोळ्या खाऊन पोटातून रक्त गेलं, तेव्हापासून डॉक्टरांनी गोळ्याच बंद केल्या. आता सगळी भिस्त लेकीवर.

"आपली गोळी कुठवर आली गं?" ते रोज विचारायचे.

"आली, आली," ती म्हणायची. सतराव्याचं कळल्यावर त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सांगून टाकलं.

पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. रंग दहाव्या मिनिटाला जेवढा, सहा तासांनीही तेवढाच. हळूहळू सुटणारा वायू असेल तर रंग गडद नको व्हायला? सर म्हणाले, "चांगलं झालं ते बघवत नाही तुला." तिलाही ते पटवून घ्यायचं होतं. दोन दिवस तिने मनाला दटावलं. गुरुवारी सकाळी मात्र ती कोट न घालताच टेबलाशी गेली.

सोळावा बाद झाल्यावर, महिन्यापूर्वी, नव्या गाळण्या आल्या होत्या. तेव्हापासून प्रत्येक अर्क त्यांतून जायचा. तुलनेसाठी ठेवलेलं नुसतं पाणी तेवढं जात नव्हतं. "स्वच्छ पाण्याला काय गाळायचंय?" असं म्हणणारी तीच. आता तिने तेच पाणी गाळलं, द्रावण टाकलं आणि हात बांधून उभी राहिली.

पाणी गुलाबी झालं.

दोष गाळणीचा होता. तिच्यातूनच काहीतरी झिरपत होतं. गाळण्या चार वेळा धुऊन तिने सतरावा पुन्हा तपासला. रंग आला, न आल्यासारखा.

सरांनी दोन्ही नळ्या उजेडाकडे धरल्या. "आणखी कोणी पाहिलं?"

"मी पाहिलं ना."

"प्रकल्प जाईल, कळतंय?"

"कळतंय."

सरांनी फोन उचलला आणि बैठक रद्द केली. ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी बाबांनी दार उघडताच तिने चपला काढायच्या आत सांगून टाकलं, "बाबा, गोळी नाही होत. वायू सुटतच नव्हता. माझी चूक झाली."

"पकडली कोणी?"

"मीच."

त्यांनी मान हलवली. लेथवरच्या माणसाला चुकीचं माप कळतं. "म्हणजे मी खाल्ली असती, तर पुन्हा रक्त गेलं असतं?"

तिने नुसतं हो म्हणून मान हलवली आणि तिथेच उंबऱ्यात रडू लागली.

"मग रडतेस कशाला?" असं म्हणत बाबा पाणी आणायला स्वयंपाकघराकडे निघाले, भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत. ते पोचेपर्यंत तिला तिकडे बघवलं नाही.