आईच्या वाटणीचे पत्ते

आई ताईच्या बाळंतपणासाठी परदेशी गेली आणि नाशिकच्या घरात मी आणि बाबा असे दोघेच उरलो. आमच्या घरात बाबांशी थेट बोलायची पद्धतच नव्हती. सहलीला जायचंय, आईला सांगा. चष्मा बदलायचाय, आईला सांगा. बाबासुद्धा समोर बसलेल्या मला नीट ऐकू येईल अशा आवाजात आईलाच विचारायचे, तिच्या नोकरीचं काय चाललंय? ते ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तर हा प्रश्न रोज संध्याकाळी यायचा, कारण सातपूरच्या माझ्या कंपनीचं काही खरं नव्हतं.

आई गेल्यावर पहिले काही दिवस आम्ही टीव्हीच्या आवाजात ढकलले. मग माळा आवरताना ताईचा जुना खुनाचा खेळ सापडला. एका मोठ्या बंगल्यात खून झालाय. कोणी केला, कशाने केला आणि कुठल्या खोलीत, हे सांगणारे तीन पत्ते पाकिटात बंद. बाकीचे खेळणाऱ्यांत वाटायचे आणि एकमेकांना विचारत विचारत पाकिटात काय आहे ते ओळखायचं. बाबांनी पटावरची एकेक खोली बोट ठेवून पाहिली आणि म्हणाले, एवढा बंगला बांधला पण देवघर नाही, मग खून होणारच.

दोघांत हा खेळ काही रंगत नाही. जो पत्ता माझ्याकडे नाही आणि समोरच्याकडेही नाही तो पाकिटात, विषय संपला. म्हणून बाबांनी तिसरा वाटा काढला आणि आईच्या खुर्चीवर पालथा ठेवला. दर फेरीला त्यातला एक पत्ता उघडायचा, असा नियमही त्यांनीच केला. आज पहिल्यांदाच ती काही सांगत नाहीये, असं म्हणून ते स्वतःच हसले. आईचा विषय निघाला की ते असेच जरा सैल व्हायचे.

खेळात मात्र ते सपाटून हरायचे. आपल्या हातातलाच पत्ता मुद्दाम विचारून समोरच्याला चकवायचं असतं, हे मी त्यांना दहादा समजावलं. त्यांना ते पटेना. जे आपल्याला माहीत आहे ते दुसऱ्याला विचारायचं ही लबाडी झाली, आणि घरच्या माणसाशी कसली लबाडी करायची? त्यामुळे ते जे विचारतील ते त्यांच्याकडे नाही, आणि विचारत नसतील तर ते त्यांना ठाऊक आहे, इतकं सरळ गणित. मी आरामात जिंकायचे आणि वर त्यांना चिडवायचे, की तुम्हाला पोलिसात कोणी घेतलं नसतं.

त्या दिवसांत मला एक गोष्ट आतून खात होती. मला बंगळूरला नोकरी मिळाली होती आणि पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं होतं. आईला फोनवर सांगितलं होतं, आणि बाबांना मीच सांगते, असंही मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं. रोज चहा गाळताना वाक्य जुळवायचे आणि रोज गिळून टाकायचे. ते रागावतील ही भीती नव्हती. न बोलता उठून गॅलरीत जातील ही होती. ताई परदेशी जाणार हे कळलं तेव्हा ते तसेच गेले होते, आणि पुढचे कित्येक दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता.

एका रविवारी सकाळी मिसळ खाऊन आल्यावर आम्ही पट मांडला. बाबा सुरीबद्दल विचारत नव्हते, म्हणजे सुरी त्यांच्याकडे. मी कागदावर फुली मारली आणि पेन तिथंच थांबलं. आई गेल्यापासून त्यांनी मला दूधवाल्याचं विचारलं होतं, गॅसचं विचारलं होतं, वॉशिंग मशीनचं कुठलं बटण दाबायचं ते तर रोजच विचारत होते. नोकरीचं एकदाही नाही.

“बाबा, तुम्हाला माहीत आहे ना?” मी म्हटलं.

कशाबद्दल, असंही त्यांनी विचारलं नाही. पत्ते पालथे ठेवले आणि मान हलवली. आईने त्यांना केव्हाच सांगून टाकलं होतं. पगार, ऑफिस, मैत्रिणीबरोबर राहणार ते, सगळं. मग इतके दिवस गप्प का बसलात, असं मी जरा चिडूनच विचारलं.

“मोठी जाणार हे मला तुझ्या आईकडून कळलं, तिकीट काढल्यावर,” ते म्हणाले. “ती स्वतः सांगायला आलीच नाही. म्हटलं, तू तरी येशील.”

मला रडू फुटलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, आम्ही बोललेलं त्यांनाच नको असतं. डोळे पुसले आणि म्हटलं, बाबा, मला बंगळूरला नोकरी लागली आहे. पगारापासून सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही न थांबवता, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, “तुला भीती वाटते का?”

हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. “हो,” मी म्हटलं.

“मलाही वाटते,” बाबा म्हणाले. त्यांच्या मनातलं असं काही त्यांनी मला सांगायची ही पहिलीच वेळ होती.