किनवटचा तबादला

आमचे हे नांदेडच्या तहसील कचेरीत कारकून. वशिल्याचं नाव काढलं की भडकायचे. निजामाच्या राज्यात सगळा कारभार शिफारशीवर चाललाय, हे जेवताना रोज ऐकवायचे. त्यांचा किनवटला तबादला निघाला तेव्हा मला दिवस गेलेले. किनवट म्हणजे नुसतं जंगल आणि हिवताप. माझ्या थोरल्या जावेचं तान्हं तिथंच गेलेलं. हे म्हणाले, हुकूम आहे, जायचं. मी गुपचूप गुळांब्याचा डबा भरला.

तहसीलदारसाहेबांपुढं बोलायची कुणाची छाती नव्हती, पण त्यांच्या जनानखान्याचं मागचं दार आम्हा बायकांना उघडं असे. दर ईदला बेगमसाहेब आम्हाला शिरखुर्म्याचा कोरडा शिधा पाठवत. माझा गुळांबा त्यांना फार आवडायचा. त्यांच्यापुढं डबा ठेवला आणि पोटावर हात ठेवून रडले. जरा जास्तच रडले.

"बस, इत्तीसी बात?" त्या म्हणाल्या. "साहबकू मैं बोलती."

आठवड्याच्या आत हुकूम फिरला. ह्यांना वाटलं, साहेबांना आपलं काम पटलं. ताठ मानेनं हिंडले. मी काय बोलणार, कप्पाळ!

किनवटला कुणीतरी जायचंच होतं, हे न कळण्याइतकी मी बावळट नव्हते. पण ते कुणीतरी आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे, ह्यांच्याच कचेरीतले कारकून निघाले. त्यांची बायको तान्हं पोर कडेवर घेऊन दारात आली.

"तुमची बेगमसाहेबांकडं ये-जा हाय म्हनं. एक शब्द टाका ना, वहिनी."

मी तोंड उघडायच्या आत हे आतून गरजले, "आमच्याकडं असलं चालत नाही हं! हुकूम आला की जावं. मी निघालोच होतो की नाही?"

ती माझ्याकडं बघत राहिली. डबा घेऊन जाताना तिनं मला पाहिलं होतं. मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "हाव, आमच्यात न्हाई चालत ते."

मेली जीभ झडली कशी नाही! तिच्यासाठी शब्द टाकला तर हुकूम परत आमच्यावर यायचा, एवढा विचार मी तिच्या पोराकडं बघत बघत केला. त्याची लाज अजून जात नाही.

दिवाळीच्या सुमारास ती किनवटहून माहेरी जाता जाता मला बाळंतिणीला भेटायला आली. कडेवर कुणी नव्हतं. आडावरच्या बायकांकडून मला आधीच कळलं होतं, म्हणून मी काही विचारलं नाही. माझ्या पोरीला तिनं मांडीवर घेतलं. "लई गोड हाय," म्हणाली. पोरगी तिच्या मांडीवर झोपून गेली, आणि तिला परत मागायची मला हिंमत होईना.

दिवेलागणीला तिनंच उठून पोरगी माझ्या ओटीत घातली.

"जपा हो, वहिनी," ती म्हणाली. "ताप लई वाईट."