दोन चमचे ब्रँडी

आमचे हे उत्तरेतल्या मराठी संस्थानच्या रिसाल्यात नव्या शिपायांना घोड्यावर बसायला शिकवत. दसऱ्याला पिणं आमच्या घरात पूर्वीपासूनच होतं, त्यात कुणाला वावगं वाटत नसे. पण ह्यांचा दसरा हळूहळू रोजचाच झाला. संध्याकाळी जयेंद्रगंजातल्या आमच्या दोन खोल्यांत शिरले की आधी कोनाड्यातली बाटली, मग माझ्याकडे बघणं.

एका रविवारी जेवताना त्यांच्या हातून घास ताटात पडला. तोंडाची उजवी बाजू ओघळल्यासारखी झाली, शब्द लोळायला लागले. घटकाभरात सगळं पूर्ववत झालं. तरी मी हट्टानं नई सडकेवरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब दोनदा पाहिला.

"शराब छोड़ दीजिए," ते म्हणाले. "इस बार लौट आए. अगली बार लकवा रह जाएगा."

एकोणीस दिवस ह्यांनी थेंब घेतला नाही. हात थरथरत, झोप लागत नसे, भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट भिरकावत. विसाव्या दिवशी एका मित्राला बढती मिळाली. मी दारात आडवी उभी राहिले.

"आज नका ना जाऊ."

"एकच घेईन. तुझी शप्पथ."

मी बाजूला झाले. खरं सांगायचं तर मी थकले होते. एक संध्याकाळ घरात शांतता असावी, एवढंच मला हवं होतं.

पुढे महिनाभरातच, सकाळी बूट चढवताना ते खाटेवरून खाली घसरले. उजवा हात, उजवा पाय लाकूड झालेला. डोळे मात्र माझ्यावर. मी ओरडले. शेजारी राहणारे थोरले दीर धावत आले. कुणाला तरी त्यांनी डॉक्टरांकडे पिटाळलं आणि मला म्हणाले, "अंग गार पडलंय. ब्रँडी दे दोन चमचे, रक्त फिरेल."

डॉक्टर काय म्हणाले होते ते मला आठवत होतं. चांगलं आठवत होतं. पण दिरांसमोर मी कधी मान वर केली नव्हती, आणि दुसरं काय करावं तेही सुचेना. मी माझ्या हातानं चमचा भरला. पहिला ओठाच्या कोपऱ्यातून गळून गेला. दुसरा श्वासात गेला. ते गुदमरले, चेहरा काळानिळा पडला. दिरांनी त्यांना कुशीवर वळवून पाठीवर थापा मारल्या, तेव्हा कुठे श्वास आला.

डॉक्टर आले ते वासानंच थबकले. "किसने पिलाई?"

दीर भिंतीकडे बघत राहिले.

"मैंने," मी म्हणाले.

"लकवे में निगला नहीं जाता, बाई. पानी भी नहीं देना था. और दी भी तो यही चीज़?"

ताप चढला, छाती कफानं भरली. अकरा दिवस मी त्यांच्या उशाशी बसून होते. ते वाचले, पण बोलणं गेलं. 'नाही' एवढा एकच शब्द उरला. पाणी हवं का विचारलं तर "नाही" म्हणायचे आणि डावा हात फुलपात्राकडे न्यायचे. मित्र महिनाभर येत होते, मग येईनासे झाले. मी ह्यांना कुशीवर वळवायची, पुसायची, पातळ लापशी भरवायची.

एके दुपारी त्यांनी डाव्या हातानं कोनाडा दाखवला. मी कळून न कळल्यासारखं केलं. पुन्हा दाखवला. पुन्हा. मी त्यांच्या थोबाडीत मारली. ज्या माणसाला स्वतःची कूससुद्धा बदलता येत नव्हती, त्याच्या. ते माझ्याकडे बघत राहिले आणि "नाही, नाही" म्हणत रडले. मग मीही जमिनीवर बसून रडले, पण माफी मागायला तोंड उघडेना.

तिसऱ्या हिवाळ्यात, मी डाळ निवडत असताना, ते गेले. तेराव्याला दीर म्हणाले, "सुटला बिचारा."

लोकांनी माना डोलावल्या. मी आत जाऊन दार लावून घेतलं.