आधी जेव

गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी भरदुपारी कासमभाई खाडी ओलांडून देऱ्यातल्या आमच्या औषधांच्या दुकानात आले. कासमभाई म्हणजे इब्राहिममामूंचे पंधरा वर्षांचे खोलीसोबती. दोघे बर दुबईतल्या एकाच कापडाच्या दुकानात कामाला होते. कामाच्या वेळी दुकान सोडून अब्र्यात, म्हणजे खाडीच्या होडीत, बसणारा हा माणूस नव्हे. ते काउंटरसमोर उभे राहिले, समोरचं गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "युसूफ, जेवलास काय?" मी नाही म्हणालो. "मग आधी जेव." त्यांनी स्वतःच माझा डबा खाली काढला, उघडला, माझ्यापुढे सरकवला. मी जेवलो. भात, मुशीचं कालवण, सगळं. ते समोर स्टुलावर बसून बाटल्यांवरची नावं वाचत राहिले. मी हात धुऊन आलो, तेव्हा म्हणाले, "मामू गेले. सकाळी दुकान उघडताना छातीत कळ आली. असरच्या नमाजानंतर दफन आहे, यल्ला, चल."

ते "जेवलास काय" म्हणाले तेव्हाच मला कळलं होतं. मला कळलं आहे हे त्यांनाही कळलं होतं. तरी मी डबा संपवला आणि ते तोवर थांबले, कारण मामूंचा नियम तसा होता. आज मामूंवर लिहायचं तर या नियमापासूनच सुरुवात करायला हवी.

इब्राहिममामू हे माझ्या आईचे चुलतभाऊ. रत्नागिरीहून दुबईला आले तेव्हा इथे वीज नव्हती, नळ नव्हते. ते सातवीपर्यंत शिकलेले, अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे बर दुबईतल्या आम्हा कोकणी मंडळींची पत्रं वाचायचं आणि लिहायचं काम आपोआप त्यांच्याकडे आलं. बोटीने कोणी गावाहून आलं की त्याच्या ट्रंकेत वीस-पंचवीस पत्रांचं पुडकं असे. शुक्रवारी नमाजानंतर मामूंच्या खोलीत माणसं जमत. मामू प्रत्येक पत्र आधी मनात वाचत आणि मग मोठ्याने. त्यात मरणाची बातमी असली तर पत्र घडी करून मांडीखाली ठेवत आणि त्या माणसाला म्हणत, "आधी जेव." निळ्या काठाची एक पांढरी एनॅमलची थाळी होती, तिच्यात भात वाढत. माणूस जेवून हात धुऊन आला की मगच पत्र वाचत. मी एकदा कारण विचारलं होतं. म्हणाले, "बातमी ऐकल्यावर दोन दिवस कोण जेवणार आहे? मग निदान भरल्या पोटी ऐकू दे."

आपल्याकडे मरणाच्या पोस्टकार्डाचा कोपरा फाडतात. मामूंना ती रीत मुळीच पसंत नव्हती. "कोपरा फाडला की माणूस आतलं वाचतच नाही," ते म्हणत. "लिहिणाऱ्याने एवढं लिहिलं, ते फुकट. कोण गेलं तेसुद्धा न बघता रडायला बसतात." हे ऐकून आम्ही हसायचो. पुढे मीच तसं वागणार आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

माझं गाव जयगडच्या खाडीवर. वडील मी लहान असतानाच समुद्रात बुडून गेले. गावात हायस्कूल नव्हतं, म्हणून सहा वर्षं मी रत्नागिरीत मामूंच्या घरी राहिलो. मामू तर दुबईत. दोन वर्षांनी एकदा येणारा पाहुणाच म्हणायचा. घर होतं मामीचं. मामीला अक्षरओळख नव्हती. पण मोठ्याने वाचणं म्हणजेच अभ्यास, अशी तिची खात्री होती. ती मागच्या पडवीत मासळी साफ करी आणि मी आत भूगोल वाचे. मी मनात वाचू लागलो की बाहेरून आवाज येई, "बंद का पडलास रे? झोपलास काय?" परीक्षेच्या दिवसांत तिला रसायनशास्त्राची सूत्रंसुद्धा पाठ झाली होती, अर्थात अर्थ न कळता. मी इंटर सायन्सपर्यंत पोचलो आणि पुढचं झेपेना, तेव्हा मामूंनी मला दुबईला बोलावलं. मी त्यांच्या दुकानात कापडाचे तागे मोजू लागलो. आमच्या घराण्यात तेवढंही शिक्षण कोणाचं झालं नव्हतं, त्यामुळे मी समाधानी होतो. मामू नव्हते.

साठ सालातली गोष्ट. मुंबईहून कपबशांची एक पेटी आली होती. कपांभोवती गुंडाळलेली इंग्रजी वर्तमानपत्रं मामू नेहमी सरळ करून वाचत. त्यातल्या एका चुरगळलेल्या पानावर स्पेनमधल्या एका विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीची सूचना होती. एक वर्ष भाषा, मग पाच वर्षं औषधनिर्माण. मुदत संपायला तीन आठवडे उरले होते. मी म्हणालो, "मामू, स्पेन कुठे आहे ते तरी माहीत आहे का आपल्याला?" ते म्हणाले, "तुला असेल. भूगोल तू वाचलास." अर्ज त्यांनी माझ्याकडून चार वेळा लिहवून घेतला. तीन वेळा अक्षर आवडलं नाही म्हणून.

दोन-अडीच महिन्यांनी उत्तर आलं, ते स्पॅनिशमध्ये. मामूंना न वाचता आलेलं ते पहिलंच पत्र. खोलीत दहा-बारा माणसं जमली होती. मामूंनी ते उलटंसुलटं केलं, उजेडाकडे धरलं, घडी करून मांडीखाली ठेवलं आणि म्हणाले, "चांगलं की वाईट कळत नाही. आधी जेव." सगळी खोली हसली. मला हसू येईना, तरी मी जेवलो. मग आम्ही दोघं अब्र्याने देऱ्याला गेलो. तिथे एका कचेरीत गोव्याचा एक टायपिस्ट होता. त्याला पोर्तुगीज येत होतं. त्याने बोट फिरवत फिरवत अर्थ लावला आणि म्हणाला, "बोलावलंय तुला." परतताना अब्र्यात मामू एकच वाक्य बोलले. "मामीला मी कळवतो. तू लिहिलंस तर तिला खरं वाटणार नाही."

स्पेनच्या त्या सहा वर्षांबद्दल खूप लिहिता येईल, पण आज ते माझ्याबद्दल होईल. पहिल्या वर्षी वर्गात मला निम्मं कळत नसे. मी टिपणं खोलीत मोठ्याने वाचे. शेजारच्या खोलीतला हुलियान नावाचा कायद्याचा विद्यार्थी भिंतीवर ठोकून माझे उच्चार सुधारी. आम्ही दोघंही दोन्या पिलार नावाच्या विधवा बाईंकडे राहत होतो. बाई नवरा गेल्यापासून नऊ वर्षं काळ्याच कपड्यांत होत्या. हुलियानला तिकिटं जमवायचा नाद. माझ्या पाकिटांवरची तिकिटं घेऊ का, असं त्याने विचारलं, तेव्हा मी खुशाल घे म्हणालो. टपाल दाराजवळच्या टेबलावर पडे, तो पाकिटाचा कोपरा फाडून घेई. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मामूंची पत्रं नेहमी पाकिटातूनच येत.

सहासष्ट सालच्या जून महिन्यात, शेवटच्या परीक्षेला बारा दिवस उरले असताना, टेबलावर मामूंचं पोस्टकार्ड होतं. पाकीट नव्हे, पोस्टकार्ड... आणि त्याचा कोपरा फाटलेला. मजकूर तीनच ओळींचा. "तुझ्या आईची तब्येत उत्तम. अभ्यास कर. परीक्षा संपल्याशिवाय निघू नकोस."

कोकणातल्या माणसाने त्याचा काय अर्थ लावावा? मला तिकीट आठवलं नाही, हुलियान आठवला नाही. आई गेली, मामूंना लिहवलं नाही म्हणून त्यांनी कोपरा फाडला, परीक्षा बुडू नये म्हणून वरून खोटं लिहिलं. एरवी निघू नकोस असं कोण कशाला लिहील? मी तारघरात जाऊन तार केली, "आई आहे का?" मग खोलीत येऊन ट्रंक भरायला घेतली. आता निघालो तर पदवी गेली, कारण शिष्यवृत्ती त्याच महिन्यात संपत होती, हे मला स्पष्ट दिसत होतं. तरी मी ट्रंक भरतच होतो. दोन्या पिलारनी दारातून पाहिलं, काय झालं ते विचारलं आणि माझा कोट घेऊन गेल्या. परत आणला तेव्हा बाहीवर काळी पट्टी शिवलेली होती. तिकडे सुतकात तशी रीत आहे. मी ती पट्टी लावून तीन दिवस बंदराच्या बोटींची चौकशी करत हिंडलो.

हुलियान कार्ड आलं त्याच सकाळी आपल्या गावी गेला होता. तिसऱ्या दिवशी परतला, पट्टी पाहून माझ्या खोलीत आला आणि हात धरून म्हणाला, "कधी कळलं?" मी पोस्टकार्ड दाखवलं, आमची रीत सांगितली. तो कार्डाकडे बघतच राहिला. मग उठून गेला आणि एक बशी घेऊन आला. बशीत पाणी होतं आणि पाण्यात पोस्टकार्डाचा कोपरा तरंगत होता, शिंपल्याचं चित्र असलेल्या दुबईच्या तिकिटासकट.

दुसऱ्या दिवशी मामूंची तार आली. "आई ठणठणीत. परीक्षा दे." दोन्या पिलारनी पट्टी उसवून काढली. मला म्हणाल्या, "जपून ठेव. आज नाही तर उद्या लागतेच." त्यांचं ते बोलणं मला तेव्हा अशुभ वाटलं. मी परीक्षा दिली. पास झालो. पदवीच्या कागदावर आमच्या घराण्याचं नाव पहिल्यांदा छापलं गेलं. त्या रात्री झोपण्यापूर्वी मी ते मोठ्याने वाचलं, ही मामीची सवय.

मामीसाठी मी काळ्या लेसची एक ओढणी घेतली होती. दुबईला उतरलो तो थेट मामूंच्या खोलीवर गेलो. पाय धुतले, ट्रंक उघडली, ओढणी काढून दाखवली आणि विचारलं, "मामी कशी आहे?"

मामूंनी निळ्या काठाची थाळी काढली. म्हणाले, "आधी जेव."

मी जेवलो. सहा वर्षांनी खाल्लेला तो कोकणी भात मला कसा लागला हे आज आठवत नाही. हात धुतल्यावर ते म्हणाले, "मे महिन्यात गेली. चार दिवसांचा ताप." मी विचारलं, "मला का नाही कळवलंत?" "तू आला असतास." "आलो असतो." "म्हणून." मी म्हणालो, "तार केली तेव्हा तरी..." ते म्हणाले, "तू आईचं विचारलंस. मी खोटं सांगितलं नाही."

म्हणजे त्या कार्डाचा कोपरा खरं तर फाडायला हवा होता. मामूंनी तो फाडला नव्हता, आणि तरीही फाटून तो माझ्याकडे आला. मी तीन दिवस बाहीवर पट्टी लावून हिंडलो ते आईसाठी. आणि ज्या बाईने मला सहा वर्षं जेवू घातलं, तिच्यासाठी एक दिवसही नाही. याचा मला राग आला. देऱ्यात नोकरी लागल्यावर मी तीन महिने खाडीपलीकडे गेलो नाही. मग एका शुक्रवारी कासमभाईंबरोबर निरोप आला, की स्पॅनिश औषधाची बाटली आहे, वाचायला कोणी नाही. गेलो. बाटली इंग्रजी होती. मामू नुसतेच हसले. त्यानंतर मी दर शुक्रवारी जात राहिलो, पण त्या गोष्टीवर आम्ही पुन्हा बोललो नाही. माझ्या मनातून ते पुरतं गेलं नव्हतं. आपल्या माणसाचं मरण दुसऱ्यापासून लपवून, वर "अभ्यास कर" असं मोत्यासारख्या अक्षरात लिहिणारा माणूस आतून कोरडाच असला पाहिजे, असं मला कुठेतरी वाटत होतं.

दफनानंतर आठ दिवसांनी कासमभाई आणि मी मामूंची खोली आवरत होतो. कपडे चारच. एक पत्र्याचा डबा होता, त्यात मामीबद्दलचं गावाहून आलेलं पोस्टकार्ड सापडलं. कोपरा फाटलेला. मी ते हातात धरून बसलो. सगळ्यांची पत्रं मामू वाचत. मामूंचं पत्र कोण वाचणार? त्यांना आधी जेव म्हणायला कोण होतं? मी तसं कासमभाईंना विचारलं.

"मी होतो की इथे," कासमभाई म्हणाले. "पुडक्यात कार्ड निघालं. कोपरा पाहिला त्यांनी. मी म्हटलं, वाचून दाखवू काय? म्हणाले, थांब. कार्ड उलटं करून त्या फळीवर ठेवलं. मग चूल पेटवली. तांदूळ धुतले, भात टाकला, बांगड्याचं कालवण केलं. मलाही वाढलं. माझ्या घशाखाली उतरेना, हे आपले जेवतायत. पूर्ण थाळी. एक शीत ठेवलं नाही. मग उठले, हात धुतले, मग वाचलं."

"मग?"

"मग काय? मला म्हणाले, एक कोरं कार्ड दे. तुला लिहायला बसले. पाकीट शोधायला सांगितलं, मी सगळी फळी धुंडाळली, सापडलं नाही. म्हणून कार्डच टाकलं."

कासमभाईंनी निळ्या काठाची थाळी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. "ने. पत्रं घेऊन आता लोक तुझ्याकडेच येणार."

थाळी दुकानात, औषधांच्या मागच्या फळीवर आहे. पोस्टकार्डही मी घेऊन आलो. घरी आल्यावर दिव्याखाली धरून ते दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं. तीन वर्षांत कागद पिवळा पडला आहे, शाई थोडी फिकी झाली आहे. कालवणाचा डाग मात्र कुठेच नाही. मामूंनी हात नीट धुतले होते.