शोकेसमधले ठोकळे

लेक दोन वर्षांची झाली आणि मी खेळण्यांचा अभ्यास सुरू केला. बॅटरीचं नको, बटण दाबलं की गाणारं तर नकोच. पोरीने स्वतः काहीतरी रचावं, तिला मनाने काहीतरी सुचावं, असं हवं. आठ दिवस मोबाईलवर व्हिडिओ बघून डोळे फुटायची वेळ आली, तेव्हा कुठे रंगीत लाकडी ठोकळे ठरले आणि घरी आले. त्यात माझा स्वार्थही होता. मी दिवसभर अंधेरीच्या ऑफिसात आणि लेक जोगेश्वरीला घरी, सासूबाईंपाशी. ती मला विसरेल की काय, ही धास्ती मला रोज असायची. निदान मी निवडलेलं काहीतरी तिच्या हातात असावं.

दुसऱ्या संध्याकाळी घरी आले, तर ठोकळे शोकेसमध्ये! बारशाच्या बाहुलीशेजारी, काचेआड, कुलपात. आमच्याकडे चांगली वस्तू वापरायची नसते, पाहुण्यांना दाखवायची असते. नवऱ्याची लहानपणची मोटार अजून तिथेच आहे, नवीकोरी. बिचाऱ्याला एकदाही चालवायला मिळालेली नाही.

"आई, खेळायला आणलेत ते," मी म्हटलं.

"आता नको, मोठां झालां काय खेळात. इतके महाग, मोडले तर?"

"मग आत्ता कशाशी खेळते?"

सासूबाईंनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. लेक पिठाची चाळणी धरून बस चालवत होती. मग बस थांबली आणि चाळणी टोपी होऊन डोक्यावर गेली. मला हसू आलं आणि रागही आला. एवढा अभ्यास करून पहिला नंबर चाळणीचा!

शनिवारी सुट्टी होती. मी किल्ली मागून घेतली, ठोकळे काढले, आणि मनोरा कसा रचायचा ते लेकीला शिकवायला बसले. तिने दोन ठोकळे लावले, लाथ मारली आणि उठून गेली. परत आली ती माझी जुनी पर्स फरपटत. दुसऱ्या हातात नॅपकिनात गुंडाळलेलं लाटणं. लाटण्याचा पापा घेऊन तिने ते आजीच्या मांडीवर ठेवलं.

"ललू नको हं. आई येते," म्हणाली आणि दाराआड गेली.

सासूबाई लाटणं थोपटू लागल्या, अगदी सरावाने. "येतली हां आई, येतली."

क्षणभराने "आले!" असं ओरडत लेक धावत आली. पर्स टाकली आणि लाटण्याला पोटाशी धरलं.

"रोज हेच?" मी विचारलं.

"तू गेलंस काय सुरू. पोर धा वेळा ऑफिसात जाता."

"दहा वेळा?"

"आणि धा वेळा परत येता मा!"

मला रडू आवरेना. मी तिथेच फरशीवर बसून राहिले. लेकीने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, लाटणं माझ्या मांडीवर दिलं आणि पर्स उचलून पुन्हा कामाला निघाली.