गळ्यातला कॅमेरा, खिशातला कॅमेरा

मंडळाचे फोटो वर्षानुवर्षं फुकट काढत राहिलं, की हार्ड डिस्क आधी भरते की डोकं? माझं डोकं आधी भरलं! आज ते रिकामं करतोय, ऐका.

परदेशातल्या आमच्या श्रूजबरी गावच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष म्हणजे देशपांडे काका, रिटायर्ड डॉक्टर. गणपतीत त्यांनी माझा जुना डीएसएलआर हातात घेतला. "वजन बघ याचं! झूम किती?"

"या लेन्सला झूम नाही, काका. मी पुढे चालत जातो."

"एवढं धूड, आणि झूम नाही? मंदारचा बघ. खिशात मावतो आणि उंदराच्या मिशासुद्धा दिसतात त्यात!"

मंदार हा नुकताच आलेला इंजिनियर. छोट्या कॅमेऱ्यांची फॅशन परत आलीय म्हणून त्याने एक शोधून घेतला. बटण दाबायचं, संपलं. माझं डोकं तिथेच तापलं.

*

दिवाळीचे फोटो मी आठवडाभर बसून एकेक करत एडिट केले आणि ग्रुपवर टाकले. तोवर मंदारचे येऊन शिळे झाले होते. देशपांडे काकूंचा मेसेज आला, "दिवाळी झाली रे! आता परत कशाला?"

*

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा माझा एक फोटो मात्र सगळ्यांना आवडला. काकू म्हणाल्या, "छान येतात हो तुझे. कॅमेरा महागाचा आहे ना!"

मग त्यांनी मंदारचा फोटो बघितला. त्यात अर्ध्या बायकांची डोकी कापलेली. "याचा हात बघ किती चांगला आहे!"

मी तिळगूळ खाल्ला, पण गोड बोलणं काही जमलं नाही.

*

हे सगळे फोटो मी सांगलीला आईला पाठवतो. एकदा तिने फोनवर विचारलं, "तू जातोस ना रे तिथे? एकाही फोटोत दिसत नाहीस."

हसत नव्हती ती. मी भयंकर चिडलो, तिच्यावर नाही, या सगळ्यांवर! इतक्या वर्षांत एकालाही वाटू नये, की याचाही एक फोटो काढावा? आईला पाठवायला एक हवा होता, बस.

*

आणि पाडव्याला मंडळाने चक्क माझा सत्कार ठेवला! 'आमचे फोटोग्राफर' म्हणून. नवा कुर्ता घालून, सवयीने गळ्यात कॅमेरा अडकवून मी स्टेजवर गेलो. काकांनी शाल उघडली आणि ओरडले, "अरे, फोटो कोण काढतंय?"

कोणीच नाही.

"फोन नको, स्मरणिकेत छापायचाय," काका म्हणाले. मंदारच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपलेली. मी गळ्यातला काढून त्याच्याकडे दिला. त्याने तो हात लांब करून धरला आणि मागच्या काळ्या स्क्रीनकडे बघत बसला. "दादा, बंद आहे हा."

"चालू आहे! वरच्या त्या भोकाला डोळा लाव!"

"कुठल्या?"

पुढच्या रांगेतून एक पोरगी ओरडली, "अंकल, इट्स ब्रोकन!"

जेवण थंड होत होतं. काका वैतागले. "तूच ये खाली आणि काढ पटकन एक. मंदार, तू वर ये, मधे जागा रिकामी दिसेल."

मी खाली उतरलो. काकांनी शाल मंदारच्या खांद्यावर टाकली, काकूंनी नारळ त्याच्या हातात दिला. मी दातओठ खात फोकस केला आणि बटण दाबलं.

"थांब थांब," काका म्हणाले, "मंदारचे डोळे मिटले. अजून एक काढ!"